काजीचा डिंक, देवळातली राळ आणि चार कोटी वर्षांपूर्वीचा कोळी

मागच्या अंकात शेवटच्या पानावर अंबरमध्ये, म्हणजे कोट्यवधी वर्षं गाडली जाऊन दगडासारखी झालेल्या झाडाच्या राळेत, अडकलेल्या एका चिलटाचा फोटो टाकला होता, खाली चारच ओळी होत्या, बाल्टिक समुद्राकाठचं अंबर, साधारण चार कोटी वर्षांपूर्वीचं, बास. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एरवी या सदरात माडावरचा भुंगा आणि दाराच्या चौकटीतली वाळवी यापलीकडे कोणी जात नाही. सगळी पत्रं घेणं शक्य नाही, सहा निवडली आहेत, आणि ज्यांनी "हे सगळं थोतांड आहे" असं कळवलंय त्यांच्याशी नंतर निवांत बोलू.

आमच्या काजीच्या झाडावर डिंकाचा गोळा होता, त्यात तांबडी मुंगी आख्खी अडकलीय. मी तो काढून काडेपेटीत ठेवलाय. बाबा म्हणतात पुरून ठेव, अंबर होईल. खरंच होईल का? किती वर्षं लागतील?
— इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, वाळपई

बाय, बाबांना सांग आयडिया झकास आहे, माल तेवढा चुकला.

गेल्या एप्रिलात मी पण हेच केलं होतं. सत्तरीत सासुरवाडीची बागायत आहे, तिथे बोंडू गोळा करायला गेलो होतो, म्हणजे बाकीचे गोळा करत होते आणि मी सावलीत बसून हुर्राक, म्हणजे काजूची दारू, कधी येतो याची वाट बघत होतो, तर समोरच्या खोडावर मधाच्या रंगाचा, आवळ्याएवढा गोळा, आत मुंगी, एक पाय बाहेर राहिलेला. उन्हात धरला तर अगदी त्या फोटोतल्या अंबरसारखा दिसत होता. घरी आणला आणि स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्यात टाकला. संध्याकाळपर्यंत तो फुगला, कडा पांढुरक्या आणि लिबलिबीत झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत बुळबुळीत पाणी होतं आणि तळाशी मुंगी, जरा वाकडी झालेली. संपलं अंबर.

आपल्याकडे यासाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि ते अगदी बरोबर आहेत. डिंक, चीक आणि राळ. काजीचा, बाभळीचा, लाडवात घालतो तो, हा सगळा डिंक, म्हणजे साखरेच्याच जातीच्या लांब साखळ्या, पाणी लागलं की फुगतो, विरघळतो. फणस कापताना हाताला तेल लावावं लागतं तो चीक, त्याची गोष्ट वेगळीच. आणि राळ म्हणजे जी पाण्यात अजिबात विरघळत नाही, जाळली की सुवास येतो, झाडाला जखम झाली की भोक बुजवायला आणि बुरशी-किडे रोखायला झाड सोडतं ती. अंबर फक्त राळेचं होतं. डिंकाचं कधीच नाही, लाख वर्षं पुरून ठेव, पहिल्याच पावसात मातीत जाईल.

राळेत सुरुवातीला टर्पीन नावाची उडून जाणारी द्रव्यं असतात, पाइनच्या झाडाला जो वास येतो तोच. ती हळूहळू उडून जातात आणि उरलेले रेणू एकमेकांना हात देत जाळं विणत जातात. राळ उघड्यावर राहिली तर हवा आणि ऊन तिला भुगा करून टाकतात, म्हणून ती लवकर गाळात, चिखलात, जिथे हवा पोचत नाही तिथे गाडली जायला हवी. मग वरून थर चढत जातात, दाब येतो, थोडी ऊब येते. काही हजार, काही लाख वर्षांची असेल तर तिला कोपल म्हणतात, अर्धकच्चं अंबर म्हण. पुरतं अंबर व्हायला लाखो-कोट्यवधी वर्षं, पण त्याचं ठरलेलं टाइमटेबल नाही, किती ऊब आणि किती दाब मिळाला त्यावर आहे.

आणि मुंगीचंच निघालंय म्हणून एक किस्सा. १९६६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या क्लिफवुड बीचवर एका हौशी जोडप्याला अंबरचा तुकडा सापडला, आत दोन मुंग्या, नऊ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरच्या काळातल्या. तोवर एवढी जुनी मुंगी कोणी पाहिलीच नव्हती. तो तुकडा हार्वर्डला एडवर्ड विल्सन या मुंगीतज्ज्ञाकडे गेला आणि त्याने उत्साहाच्या भरात तो पाडला! जमिनीवर पडून दोन तुकडे झाले, पण नशीब असं की प्रत्येक तुकड्यात एकेक मुंगी शाबूत. अर्धी गांधीलमाशीसारखी, अर्धी आजच्या मुंगीसारखी अशी ती निघाली, आणि मुंग्या गांधीलमाश्यांच्याच घराण्यातून आल्या या अंदाजाला हातात धरता येईल असा पुरावा मिळाला.

काडेपेटी टाकू नकोस. पण जूनमध्ये तो गोळा चिकट होणार, तेव्हा तांदळाच्या डब्यात ठेव. आईला सांगून ठेव.

सुनेने उत्तर गोव्यातल्या एका बाजारातून साडेतीन हजाराला पेंडंट आणलं. आत चक्क विंचू आहे, दीड इंचाचा, बरोबर मधोमध, नांगी वर करून. विकणारा म्हणाला शंभर टक्के बाल्टिक अंबर. खरं असेल का?
— सेवानिवृत्त बँक कर्मचारी, फोंडा

काका, सुनेला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ते प्लास्टिक आहे. विंचू बिचारा खरा असेल.

मी न बघता एवढ्या ठामपणे सांगतोय कारण दीड इंचाचा विंचू, मधोमध, नांगी वर, पोझ देऊन, असं अंबरमध्ये होत नाही. राळ खोडावरून ओघळते, तिला फोटो स्टुडिओ माहीत नाही. त्यात सापडतात ती मुख्यतः चिलटं, बारीक माश्या, मुंग्या, दोन-तीन मिलिमीटरची मंडळी, कारण मोठा किडा धडपडून सुटून जातो. विंचू तर अंबरमध्ये फारच दुर्मिळ. आणि जे अडकलेले असतात ते कसेही असतात हो, पंख दुमडलेला, पाय तुटून बाजूला पडलेला, अंगावर दुधासारखा पांढरा पडदा आलेला, शेजारी बुडबुडे, लाकडाचा भुसा. माझ्या एका मित्राकडे बाल्टिक अंबरचा मणी आहे, वाटाण्याएवढा, तो मी दहापटीच्या भिंगातून बराच वेळ बघितलाय. चिलटाच्या पोटाखाली एक बुडबुडा, एक मिशी अर्धीच, आणि आजूबाजूला चांदणीसारखे बारीक बारीक केस पसरलेले. ते चांदणी-केस ओक झाडाच्या फुलोऱ्यावरचे, बाल्टिक अंबरची ही जवळजवळ सहीच. तुमच्या पेंडंटमध्ये आधी तो कचरा शोधा. काचेसारखं स्वच्छ असेल तर शंका पक्की.

मिठाच्या पाण्याची टेस्ट सगळे सांगतात. अंबरची घनता १.०५ ते १.१० च्या दरम्यान, म्हणून ते मिठाच्या घट्ट पाण्यात तरंगतं आणि जुनं बेकलाइट प्लास्टिक वगैरे बुडतं. पण कोपलही तरंगतं आणि काही प्लास्टिकं पण तरंगतात, म्हणजे बुडालं तर नकली, तरंगलं तर काहीच सिद्ध झालं नाही. शिवाय पेंडंट चांदीत बसवलेलं असेल तर चांदीच खाली ओढणार, मग कसली टेस्ट. कोपल ओळखायला नेलपॉलिश रिमूव्हरचा एक थेंब मागच्या बाजूला टाकतात, कोपल चिकट होतं, मुरलेलं अंबर सहसा होत नाही. तापलेली सुई टोचून वास घ्यायची पद्धत आहे, ती मात्र करू नका, खरं असलं तर भोक पडेल आणि खोटं असलं तर प्लास्टिकचा धूर नाकात जाईल.

फसलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमला पण फसवलंय. त्यांच्याकडे १९२२ पासून बाल्टिक अंबरमधली एक माशी होती, आपल्या संडासात फिरते त्याच जातीची. १९६६ मध्ये विली हेनिग या मोठ्या जर्मन अभ्यासकाने ती तपासून लिहिलं की बघा, ही जात कोट्यवधी वर्षांत जराही बदलली नाही. मग १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस नावाचा तरुण अभ्यासक सूक्ष्मदर्शकाखाली तिला बघत असताना दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती चीर दिसायला लागली. कोणीतरी केव्हातरी खऱ्या अंबरचे दोन भाग करून, एकात खळगा कोरून, आजची माशी बसवून परत चिकटवलं होतं! अंबर खरं, माशी खोटी. तुमच्याकडे किडा खरा आणि अंबर खोटं, एवढाच फरक.

पावसाळ्यानंतर किनाऱ्यावर मेणासारखा करडा-पिवळा गोळा सापडला, वास विचित्र आहे. मित्र म्हणतात अंबर आहे, करोडो मिळतील.
— एक वाचक, मांद्रे

मित्र ज्याला अंबर म्हणतायत ते दुसरं, अंबरग्रीस, म्हणजे पेपरात "व्हेलची उलटी" म्हणून बातम्या येतात ते. दोन्हींचं नाव एकाच अरबी शब्दावरून आलं, कारण दोन्ही समुद्रकिनाऱ्यावर वाहून येतात आणि दोन्ही जाळल्यावर सुगंध येतो, एवढंच नातं. एक झाडाचं, एक स्पर्म व्हेलच्या आतड्यातलं. आपण ज्याबद्दल बोलतोय त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, तृणमणी, कारण कापडावर घासलं की ते गवताची काडी ओढून घेतं. ग्रीक लोक त्याला इलेक्ट्रॉन म्हणायचे आणि आपल्या घरातली इलेक्ट्रिसिटी त्याच शब्दावरून आलीय.

तुमचा गोळा बहुतेक जहाजाचं ग्रीस किंवा पाम तेलाचा गठ्ठा असेल. पण अंबरग्रीस निघालंच तर ते बाळगणं आणि विकणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा करोडो विसरा आणि वनखात्याला फोन करा.

कोळ्याचं अंग इतकं मऊ, खडकात तर त्याचा चेंदामेंदा होईल. अंबरमधल्या कोळ्यांमुळे नवीन असं काय कळलं?
— विज्ञान शिक्षिका, डिचोली

टीचर, या प्रश्नाची मी वाटच बघत होतो, म्हणून जरा लांबवतो.

तुमचं म्हणणं खरं आहे, खडकातले कोळी फार थोडे आणि बरेचदा नुसता डाग. अंबरमध्ये मात्र पायावरचा केस न् केस मोजता येतो, डोळे मोजता येतात, आणि कोळ्याची जात ठरवायला डोळ्यांची मांडणी लागतेच. माझी सगळ्यात आवडती गोष्ट १८५४ ची. बाल्टिक अंबरमधून एक विचित्र कोळी वर्णन केला गेला, मान जिराफासारखी उंच आणि जबडे लांबलचक, पेलिकन पक्ष्याच्या चोचीसारखे. सगळ्यांना वाटलं संपलेली जात. १८८१ मध्ये मादागास्करमधून त्याच घराण्यातला जिवंत कोळी हाती आला! म्हणजे आधी जीवाश्म सापडला आणि मागून जिवंत पाहुणा. हे कोळी दुसऱ्या कोळ्यांनाच खातात, लांब जबड्याने भक्ष्याला दूर धरून ठेवतात, आपण गरम भांडं चिमट्याने धरतो ना, तसं.

दुसरा कोळी २०१८ चा, म्यानमारच्या अंबरमधला, साधारण दहा कोटी वर्षांपूर्वीचा, किमेरारॅक्ने नाव. अंग अडीच मिलिमीटर आणि त्याहून लांब, तीन मिलिमीटरची शेपटी! कोळ्यासारखे धागा काढायचे अवयव आहेत आणि विंचवाच्या दूरच्या भावासारखी शेपटी पण आहे. अशा शेपटीवाल्यांची माहिती याहून खूप जुन्या खडकांतून होती, पण ते डायनोसॉरच्या काळापर्यंत खऱ्या कोळ्यांच्या शेजारीच फिरत होते हे कोणाच्या डोक्यात नव्हतं. याला पूर्ण कोळी म्हणायचं की कोळ्याचा चुलत भाऊ, यावर अभ्यासकांची अजून वादावादी चालू आहे.

जाळं तर आणखी भारी. लेबनॉनच्या अंबरमध्ये, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीचा कोळ्याचा एकच धागा सापडला, चार मिलिमीटरचा, त्यावर चिकट थेंब ओळीने लागलेले, सकाळी दव पडलेल्या जाळ्यावर बघतो तसे. स्पेनमध्ये तेरुएल भागातून २००६ मध्ये जाहीर झालेला तुकडा अकरा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात जाळ्याचे धागे आणि त्यांना चिकटलेली माशी, भुंगेरा. शिकार तशीच्या तशी. आणि २०२१ मध्ये म्यानमारच्याच अंबरमधल्या कोळिणी आल्या, एक अंड्यांची पिशवी धरून बसलेली. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यातली कोळीण आजही तेच करते, झाडू लावणाऱ्या मावशींना विचारा.

एक गंमत वर्गात सांगण्यासारखी. अंबरमध्ये नर कोळी जास्त सापडतात, कारण मादी आपल्या जागी बसलेली असते आणि नर तिच्या शोधात खोडावरून हिंडत असतो, तो पाय टाकतो राळेत. म्हणजे अंबर बघून त्या जंगलात नरच जास्त होते असं म्हटलं तर चुकेल. खोडावर कोण फिरत होतं, कोण लहान होतं, कोणाला सुटता आलं नाही, एवढ्यांचीच ही हजेरी. वर पानांत राहणारा, लांब उडणारा यात दिसणारच नाही, आणि नाही दिसला म्हणून तो नव्हता असं नाही.

म्यानमारच्या अंबरबद्दल एक बोचरी गोष्ट पण सांगायला हवी. ते काचीन भागातल्या खाणींतून येतं, तिथे सैन्य आणि स्थानिक सशस्त्र गट यांच्यात वर्षानुवर्षं लढाई आहे, २०१७ मध्ये सैन्याने खाणींचा भाग ताब्यात घेतला. २०२० मध्ये पृष्ठवंशी जीवाश्मांवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय सोसायटीने शोधनियतकालिकांना पत्र लिहून अशा मालावरचे निबंध छापू नका म्हणून विनंती केली. काही जण म्हणतात मग एवढं ज्ञान वाया जाईल. मला स्वतःला सोसायटीचं पटतं, कोळी दहा कोटी वर्षं थांबला, अजून थोडा थांबेल.

डासाच्या पोटातलं रक्त काढून डायनोसॉर बनवता येईल का? पिक्चरमध्ये तर बनवले.
— सहावीतले तिघे, मडगाव

नाही रे बाबांनो. १९९२-९३ च्या सुमारास काही प्रयोगशाळांनी अंबरमधल्या किड्यांचा डीएनए मिळाल्याचं जाहीर केलं होतं, एक तर लेबनॉनच्या सोंड्या किड्याचा, बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या. जगभर गाजावाजा झाला. मग लंडनच्या म्युझियममधल्या लोकांनी तेच पुन्हा करून बघितलं, १९९७ मध्ये त्यांनी सांगितलं की काही मिळत नाही, आधी मिळाला तो बहुधा आजचाच डीएनए कुठूनतरी मिसळलेला होता. २०१३ मध्ये मँचेस्टरच्या टीमने तर कोपलमधल्या, म्हणजे काही हजार वर्षंच जुन्या मधमाश्या घेतल्या, त्यातही नाही. डीएनए आपोआप तुटत जातो, थंडीत हळू, गरमीत भराभर. आतापर्यंतचा सगळ्यात जुना वाचता आलेला डीएनए ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा. शेवटचे डायनोसॉर गेले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हिशेब तुम्हीच करा.

बाहेरून किडा एवढा ताजा दिसतो, मग आत काय असतं? बरेचदा पोकळी, आतल्या भिंतीला किड्याच्या कातडीचा पातळ पापुद्रा. पण नेहमीच नाही, १९८२ मध्ये बाल्टिक अंबरमधल्या एका चिलटात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पेशींचे भाग ओळखू आले होते. आकार टिकला, मजकूर पुसला. भिजलेल्या वहीचं होतं तसं.

आपल्या गोव्यात अंबर सापडू शकतं का? आणि देवळात धुपाटण्यात घालतो ती राळ म्हणजे अंबरच का? आमच्या घरी तीन पिढ्या पूजेचं काम आहे म्हणून विचारतो.
— एक पुरोहित, म्हार्दोळ

भटजीकाका, दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर थोडं लपलंय.

गोव्यात आशा कमी. आपला बराचसा खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना, तेव्हा झाड नावाची गोष्टच पृथ्वीवर नव्हती. सत्तरीच्या टोकाला दख्खनचा लाव्हा आहे, तापलेल्या लाव्ह्यात राळ जळूनच जाणार. आणि वर सगळीकडे जांभा, म्हणजे ऊन-पावसाने गंजलेला दगड, त्यात काही नाजूक टिकत नाही.

पण फार लांब जायला नको. सुरत जिल्ह्यात वस्तान इथे लिग्नाइटची खाण आहे, त्या कोळशात अंबर सापडतं, पाच कोटींहून थोड्या जास्त वर्षांपूर्वीचं, खंभातच्या आखातावरून त्याला कॅम्बे अंबर म्हणतात. लखनौचे, जर्मनीचे, अमेरिकेचे अभ्यासक मिळून त्यावर बसले आणि २०१० मध्ये त्यांनी सातशेच्या वर किडे-कोळ्यांची यादी मांडली, ५५ कुळांतले. तोवर समज असा होता की आपला भारत आफ्रिकेपासून तुटून, एकटा बेटासारखा समुद्रात सरकत आशियाला येऊन धडकला, तर एवढ्या एकांतात इथे जगावेगळे किडे तयार झाले असणार. निघाले ते युरोप, आशिया, अगदी मध्य अमेरिकेतल्या किड्यांचे नातेवाईक! म्हणजे बेट वाटलं तेवढं एकटं नव्हतं, मध्ये कुठून तरी येणं-जाणं चालू होतं.

आणि तुमची राळ. देवळातली अस्सल राळ सालवृक्षाची. गुजरातचं ते अंबर ज्या झाडांचं, ती याच सालाच्या कुळातली. त्यामुळे धुपाटण्यातली राळ अंबर नाही, पण अंबरच्या घरातलीच आहे, वयाने फक्त पाच कोटी वर्षं लहान. कॅम्बे अंबरची एक खासियत पण अशी की त्यातले रेणू बाल्टिकसारखे घट्ट विणले गेले नाहीत, म्हणून ते टोल्युइनसारख्या द्रावकात विरघळतं आणि किडा आख्खा बाहेर काढता येतो. पाच कोटी वर्षांपूर्वीचा किडा, सुईच्या टोकावर! बाल्टिकवाल्यांना हे सुख नाही, त्यांना बाहेरूनच बघावं लागतं.

आता दुकानात राळ म्हणून मिळते ती कधी पाइनची असते, कधी भेसळीची, पण खडे निवडून घेतलेत आणि पिवळसर, पारदर्शक खडा मिळाला तर निखाऱ्यावर टाकण्याआधी एकदा खिडकीशी उजेडात धरून बघा. मी नेहमी बघतो, घरी सगळे हसतात. गेल्या चतुर्थीला एका खड्यात पंखवाली मुंगी दिसली, तो खडा अजून देव्हाऱ्याच्या खणात आहे.